तोरिंग आतून सुकं निघतं? झाडाला कोयता लावण्याआधी हे तपासा

आधी तोरिंगाची, म्हणजे पपनसाची, लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा प्रश्न हाच आहे की दुसरा ते लगेच कळेल.

फळ मोठं, दीड-दोन किलोचं वाटावं असं, पण हातात घेतलं की आकाराच्या मानाने हलकं. सोलायला घेतलं की साल आणि तिच्याखालचा पांढरा कापूस मिळून दोन बोटं जाड. फोडी सुटतात, पण पापुद्रा काढल्यावर आतले दाणे पांढुरके आणि कडक. चावले तर चुरमुरे चावल्यासारखं वाटतं, रस असा येतच नाही. कधी फोडीचा तळाकडचा भाग रसाळ आणि देठाकडचा सुका. कधी फळाच्या मधोमध पोकळी. चव फिकी, नाहीतर नुसती कडवट. झाड मात्र हिरवंगार दिसतं, फुलतं, लगडतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

घाटावर ज्याला पपनस म्हणतात आणि कोकणात काही जण तोरंजन म्हणतात, तेच आमचं गोव्याचं तोरिंग. लिंबाच्या कुळातलं हे सगळ्यात मोठं फळ. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-फुलांच्या चौकटीत, नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे यांच्यामध्ये एक तरी तोरिंग लटकलेलं असावं, असं आमच्याकडे प्रत्येक घराला वाटतं. म्हणून परसात झाड असतं. पण ते खाण्यासाठीही आहे हे हळूहळू विसरलं गेलं, कारण घरोघरी एकच तक्रार: 'आमचं सुकं जातं.'

फोंडा तालुक्यातल्या आमच्या परसात दोन झाडं आहेत. त्यातलं एक सलग चार वर्षं सुकं फळ देत होतं. ते सुधारल्यावर शेजारीपाजारी, नातेवाईक, मग नातेवाइकांचे शेजारी अशी बोलावणी येत गेली. आजवर वीस-बावीस झाडं तरी याच तक्रारीसाठी पाहिली असतील. त्यातल्या बहुतेक झाडांना काहीही रोग नव्हता. चूक होती ती फळ काढायच्या तारखेत किंवा उन्हाळ्यातल्या पाण्यात. हे मी मुद्दाम आधीच सांगतो, कारण 'कापून टाकतो' म्हणणाऱ्यांनी निदान दोन हंगाम थांबावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. बियांपासून वाढलेलं तोरिंग फळायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त घेतं. तोडायला अर्धा तास पुरतो.

सुरी फळाला कशी लावायची

पहिली तपासणी फुकट आहे. फळ नेहमीसारखं आडवं कापू नका. देठापासून तळापर्यंत उभं कापा आणि दोन्ही अर्धुकं उजेडात धरा. फळ कुठे सुकं आहे यावरून अर्धं निदान होतं.

देठाकडे सुकं आणि तळाकडे रसाळ असेल, तर फळ झाडावर गरजेपेक्षा जास्त दिवस राहिलं किंवा त्याला पाण्याचा ताण बसला. शेतकी भाषेत याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. रसाने भरलेल्या दाण्यांच्या भिंती जाड होतात, आतली साखर आणि आंबटपणा दोन्ही उतरतात, आणि ही सुरुवात जवळजवळ नेहमी देठाकडूनच होते.

सगळीकडे दाणे सारखेच बारीक, एकमेकांना घट्ट चिकटलेले, आंबट-कडू आणि बी अजून मऊ असेल, तर फळ कच्चं काढलंय.

साल बेसुमार जाड आणि मधला दांडा पोकळ दिसला, तर झाडाचं वय, खत आणि माती या तिघांकडे पाहायचं.

फळ एका कुशीवर कललेलं, मधला दांडा वाकडा आणि बिया काळपट, चिमलेल्या असतील, तर मधलं सगळं सोडून थेट 'इथे थांबा' या भागावर जा.

एकाच फळावरून ठरवू नका. झाडाच्या उन्हाच्या बाजूचं एक, सावलीतलं एक आणि मध्यम आकाराचं एक, अशी तीन कापा. सगळ्यात मोठं फळ सगळ्यात आधी सुकतं, आणि आपण कौतुकाने नेमकं तेच कापतो.

फळ कोणत्या तारखेला काढलं?

हीही तपासणी फुकट, आणि निम्म्याहून जास्त घरांत उत्तर इथेच मिळालं, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

गोव्यात तोरिंगाला मुख्य बहर येतो जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. फूल ते तयार फळ यात साधारण सात ते आठ महिने जातात. आमच्या झाडाला फेब्रुवारीच्या मध्यावर भरपूर फूल असतं, म्हणजे फळ खऱ्या अर्थाने तयार होतं सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात. चवथ मात्र झाडाची वाट पाहत नाही. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला आली, २०२५ साली २७ ऑगस्टला. मधे २३ दिवसांचा फरक. ज्या वर्षी चवथ लवकर येते, त्या वर्षी माटोळीला बांधलेलं तोरिंग किमान महिनाभर कच्चं असतं. विसर्जन झालं की माटोळी उतरवतात, कोणीतरी तोरिंग सोलतं, तोंड वाकडं करतं आणि झाडाला नाव ठेवतं.

लिंबाच्या कुळातली फळं आंब्या-केळ्यांसारखी आढी घालून पिकत नाहीत. झाडावरून उतरलं की साखर वाढायची थांबली. काढून ठेवलेल्या तोरिंगाची साल थोडी पाणी सोडते, सोलायला सोपी होते, आंबटपणा जरा मवाळ लागतो, एवढंच. कच्च्याचं पिकं होत नाही आणि सुक्याचं रसाळ होत नाही.

माशेलच्या एका वयनींकडे गेलो तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षं एकच रीत पाळली होती: चवथीच्या आदल्या दिवशी झाडावरची सगळी फळं उतरवायची, एक माटोळीला, बाकीची वाटायला. मी एवढंच सांगितलं की वयनी, माटोळीसाठी दोन काढा, ती सुद्धा जिथे एका घोसात तीन-चार दाटली आहेत तिथली, आणि बाकीची दसऱ्यापर्यंत राहू द्या. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः एक फळ आमच्याकडे पाठवलं. आत फिकट गुलाबी गर आणि हातावर ओघळणारा रस. झाड तेच, खत तेच.

याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. काही घरांत फळ तुळशीच्या लग्नापर्यंत, तर काही घरांत नाताळापर्यंत झाडावर ठेवतात, कारण ते दिसायला छान दिसतं आणि पडतही नाही. तोरिंग झाडावर लटकून राहतं हे खरं, पण तयार झाल्यावर महिनाभराने देठाकडून सुकायला लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरात सुकं निघणाऱ्या फळाचं कारण बहुधा हेच.

म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने दोनच नोंदी करा: झाड पूर्ण फुललं तो आठवडा आणि पहिलं फळ काढलं ती तारीख. सात महिने भरले की दर आठवड्याला एक फळ काढून उभं कापा. हिरव्या रंगात पिवळेपणा उतरतो, सालीवरचे तेलाचे ठिपके सपाट होऊन साल गुळगुळीत लागते, तळ किंचित पसरतो आणि फळ हाताला जड लागतं. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर एकाच आकाराची दोन फळं तोलून पाहा. जड ते रसाळ. ज्या आठवड्यात चव जमली, त्यानंतर तीन आठवड्यांत झाड रिकामं करा.

झाड किती वर्षांचं, आणि नक्की कशाचं?

पहिली दोन-तीन फळधारणं जाड सालीची आणि कमी रसाची असतात. तरुण झाडाचा सगळा जोर वाढीकडे असतो. कलम लावून चार-पाच वर्षंच झाली असतील तर काही करू नका, थांबा.

झाड कलमी असेल तर पानांकडे पाहा. तोरिंगाचं पान मोठं असतं आणि देठाला रुंद, बदामाच्या आकाराचा पंख असतो, जणू मोठ्या पानाखाली एक छोटं पान. कलमाच्या सांध्याखालून फुटलेल्या फांदीची पानं लहान, देठ बिनपंखाचा किंवा तीन-तीन पानांचा झुपका असेल, तर तो खुंट आहे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते खालचं झाड. म्हापशाजवळ एका काकांकडे रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाला आठव्या वर्षी खडबडीत, पिवळी, नुसत्या सालीची फळं आली. वरचं तोरिंगाचं कलम कधीच मेलं होतं आणि खालचा जंबेरी लिंबाचा खुंट वाढून झाड झाला होता. खुंटाची फूट दिसली की बोटाएवढी व्हायच्या आत सांध्यापाशी मुळापासून काढा. वरचं कलमच नसेल तर या झाडातून तोरिंग मिळणार नाही. हिवाळ्याच्या शेवटी साल सुटत असताना त्याच्यावर चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरची फुटीची कळी, भरून घेता येतो. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

बियांपासून वाढलेल्या झाडाबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. लिंबाच्या कुळातल्या बऱ्याच फळांच्या एका बीतून आईसारखीच रोपं निघतात, कारण बीत एकाहून जास्त अंकुर असतात. तोरिंगाच्या बीत एकच अंकुर असतो आणि तो संकरातून आलेला. म्हणजे सावईवेऱ्यातल्या गोड तोरिंगाची बी लावली तरी तुमच्या परसात तेच गोड तोरिंग येईल याची हमी नाही. वेळेवर काढून, पाणी देऊन, माती सुधारूनही दहा-बारा वर्षांच्या झाडाची फळं जाड सालीचीच राहिली, तर तो त्या झाडाचा जन्मजात स्वभाव आहे. तेव्हाही तोडू नका, डोळा भरून जात बदला.

उन्हाळ्यातलं पाणी

खर्च फक्त वेळेचा. पण करायचं ते जानेवारीपासून, फळ सुकं निघाल्यावर नाही.

आमच्या भागात एक गोष्ट डोळ्यांना सहज दिसते. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पाटाच्या कडेला उभं असलेलं तोरिंग रसाळ असतं. त्याच घराच्या वरच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या उतारावर परसात लावलेलं तोरिंग सुकं असतं. दोन्ही एकाच माणसाने, एकाच झाडाच्या गुटीपासून लावलेली. फरक एवढाच की पाटाला झरीचं पाणी मेपर्यंत वाहतं आणि परसात नळी फिरते ती फक्त जास्वंद आणि तुळशीला.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. तोरिंगाची फळं धरतात आणि वाढायला लागतात ती फेब्रुवारी ते मेमध्ये, म्हणजे नेमक्या कोरड्या दिवसांत. तेव्हा मुळांना पाणी नसेल तर फळ जेमतेम तग धरतं. मग जूनमध्ये पाण्याचा लोंढा येतो, झाड एकदम नवी पालवी फेकतं, फळ झपाट्याने फुगतं, साल वाढते आणि आतले दाणे मागे राहतात. ही ओढाताण दाणे कडक होण्याचं मोठं कारण आहे.

पाणी किती, यापेक्षा कुठे आणि किती नियमित हे महत्त्वाचं. खोडाशी बादली ओतू नका. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं झाडाच्या फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या आसपास असतात, आणि बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच. त्या घेराखाली गोल चर काढा आणि पाणी तिथे सोडा. दहा-बारा वर्षांच्या झाडाला मी आठवड्यातून दोनदा, दर वेळी सुमारे १५० लिटर देतो, एप्रिल-मेमध्ये तीनदा. मधल्या दिवशी घेराखाली वीतभर उकरून मूठभर माती दाबून पाहतो. गोळा होत नसेल तर पाणी कमी पडतंय. जांभी माती पाणी पटकन सोडून देते, म्हणून वरून ओली आणि खाली कोरडी हा प्रकार नेहमीचा.

पाण्याइतकंच मोलाचं आच्छादन. नारळाची सोडणं, झावळ्यांचे तुकडे, सुका पाला, जे परसात पडलेलं असतं ते घेराखाली चार-सहा बोटं जाड पसरा. खोडापासून मात्र हातभर लांब ठेवा, कारण पावसात खोडाशी ओल धरली की सालीला कूज लागते.

न्हाणीच्या पाण्याबद्दल नेहमी विचारतात. पूर्वी शिकेकाई आणि पीठ लावून अंघोळ व्हायची तेव्हा ते पाणी चालत होतं. आता साबण, शॅम्पू आणि कपड्यांची पावडर त्यात असते, त्यातला सोडियम मातीत साठत जातो. न्हाणीचं पाणी केळीला वळवा, तोरिंगाला विहिरीचं द्या.

खत घातलं म्हणून?

आमच्या झाडाची चार वर्षं याच्यातच गेली. कोणीतरी सांगितलं म्हणून मी पावसाच्या सुरुवातीला दोन किलो युरिया आणि वर कोंबडीखत घातलं. पानं काळी-हिरवी झाली, फळं नारळाएवढी झाली आणि आत साल तेवढी मिळाली. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की लिंबूवर्गीय फळांची साल जाड होते आणि रस घटतो. तुमच्या झाडाची पानं गडद हिरवी, फूट लांबलांब आणि फळाची साल जाड, असं तिन्ही एकत्र दिसत असेल तर एक वर्ष युरिया आणि कोंबडीखत पूर्ण बंद ठेवा. चांगलं कुजलेलं शेणखत तीन-चार टोपल्या आणि दोन किलो निंबोळी पेंड, पहिल्या पावसानंतर, बस. पैसे वाचवणारी ही एकमेव दुरुस्ती.

फळाला बारीक भोक आहे का?

हे पटकन सांगतो. सालीवर टाचणीने टोचल्यासारखं भोक, भोवती मऊ तपकिरी चकती, आणि आत त्याच जागी गर चोखल्यासारखा कोरडा असेल, तर ते रस शोषणाऱ्या पतंगाचं काम आहे. दिवसा तो दिसत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर रात्री आठनंतर विजेरी घेऊन झाडाखाली जा, फळावर बसलेला मोठा तपकिरी पतंग आणि त्याचे नारिंगी मागचे पंख दिसतील. त्याच्या अळ्या गुळवेलीवर, म्हणजे आपल्या अमृतवेलीवर, आणि वासनवेलीवर वाढतात. औषधी म्हणून अमृतवेल लावली असेल तर ती तोरिंगाच्या झाडावर चढवू नका, लांब ठेवा. फळं रंग बदलू लागली की जुन्या सुती कापडाच्या पिशव्या बांधा. प्लास्टिकच्या नकोत, आत घाम धरून फळ सडतं. पडलेली फळं रोज उचलून पुरा. भोकं नसतील तर हा भाग विसरा, फवारणी करू नका.

पानं काय सांगतात

इथून थोडा खर्च सुरू होतो. नवी पानं लहान, अरुंद, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा, असं असेल तर जस्ताची कमतरता. आपल्या आम्लधर्मी मातीत ती खूप दिसते. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विझवलेला चुना, नवी पालवी आकाराने पूर्ण होत आली की संध्याकाळी फवारायचं. चुना यासाठी की नुसतं झिंक सल्फेट कोवळी पानं भाजतं. फळाच्या सालीखालच्या कापसात तपकिरी डिंकाचे डाग असतील तर बोरॉन कमी पडतंय. त्यासाठी लिटरला १ ग्रॅम बोरिक अॅसिड, फुलं येण्याआधी एकदा आणि फळ धरल्यावर एकदा. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून 'जरा जास्त' घालायचा मोह टाळा.

माती

एवढं सगळं झालं आणि तरी साल जाड, मधे पोकळ, रस आंबट, तर आता मातीकडे वळा. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना हा खर्च वाटतो म्हणून ते टाळतात आणि त्याऐवजी दुकानातून हजाराची औषधं आणतात.

जांभ्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर. पावसाने चुना आणि मॅग्नेशियम धुऊन जातात, माती आम्ल होते. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) घातला तरी लोह-अॅल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात आणि मुळांना तो मिळत नाही. स्फुरद कमी पडला की लिंबूवर्गीय फळात नेमकं काय होतं? साल जाड आणि खरखरीत, मधला दांडा पोकळ, रस कमी. म्हणजे ज्याला आपण झाडाचा दोष म्हणतो, तो अनेकदा पायाखालच्या चिऱ्याचा गुण असतो.

नमुना घ्यायची पद्धत: फांद्यांच्या घेराखाली चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीत-सव्वा वीत खोल खड्डा काढा, त्याच्या कडेची पातळ चकती कापा, सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरा. खत घातल्यावर दोन महिने तरी नमुना घेऊ नका. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी केली की माती कुठे द्यायची ते सांगतात. अहवालात सामू (पीएच), स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे आधी पाहा. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असेल तर तोरिंग खूश असतं. त्याखाली असेल तर चुना किंवा डोलोमाईट लागेल, आणि किती ते अहवाल पाहून कृषी अधिकाऱ्याकडूनच ठरवून घ्या. डोलोमाईट बरं, कारण त्यात मॅग्नेशियमही येतं. वळवाचा पाऊस झाला की घेराखाली पसरून मातीत हलकंसं मिसळायचं. चुना आणि खत एकाच दिवशी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. महिनाभर अंतर ठेवा. स्फुरदासाठी आम्ल मातीत रॉक फॉस्फेट किंवा हाडांची भुकटी चालते, कारण ती हळूहळू विरघळते. फरक दिसायला दोन हंगाम लागतात. आमच्या झाडाला तिसऱ्या वर्षी पातळ सालीची फळं आली.

खोड आणि मुळं

मातीपासून गुडघ्यापर्यंतचं खोड चारी बाजूंनी पाहा. डिंक ओघळलाय, साल काळपट आणि दबल्यावर मऊ लागते, आंबूस वास येतो, असं असेल तर ती पावसाळ्यातली डिंक्या कूज. मुळांना नीट काम करता येत नाही म्हणून फळ सुकतं. खोडाशी चढवलेली माती, चिऱ्यांचा पार, पाला, सगळं काढून खोड मोकळं करा, पाणी निथळायला चर द्या. डाग तळहातापेक्षा लहान असेल तर मेलेली साल धारदार सुरीने निरोगी भागापर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र, आणि लोखंडाच्या भांड्यात मुळीच नाही. हातमोजे घाला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरगुती उपाय बंद करा.

डिंकाचा पट्टा खोडाच्या अर्ध्या घेराहून जास्त पसरलाय. मुख्य फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतायत. उकरून पाहिल्यावर बारीक मुळांची साल हाताला सुटून येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पानावर पिवळे-हिरवे डाग मधल्या शिरेच्या दोन बाजूंना वेगवेगळे आहेत, डावीकडचा डाग उजवीकडे जुळत नाही, फळ कललेलं, बिया चिमलेल्या, पिकताना देठाकडे आधी रंग येतो आणि तळ हिरवाच राहतो. हा ग्रीनिंग रोग असू शकतो. जस्ताच्या कमतरतेत पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो, इथे नसतो, एवढा फरक लक्षात ठेवा. हा रोग जिवाणूमुळे होतो, सिट्रस सायला नावाची इवलीशी कीड तो पसरवते, आणि रोगट झाडाचं कलम केलं तरी पसरतो. त्यावर बरा करणारा उपाय नाही. सायला कढीपत्त्यावर आणि कुंतीवरही वाढते, म्हणून तोरिंगाशेजारचा कढीपत्ता तपासा: कोवळ्या शेंड्यावर डोकं खाली आणि शेपूट वर करून तिरके बसलेले तपकिरी ठिपके म्हणजे तीच.

खात्री फक्त प्रयोगशाळेत होते. विभागीय कृषी कार्यालय किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे जा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच पिकांवर काम करते, गरज पडली तर तिथवरही नमुना जाऊ शकतो. जाताना डाग असलेली पानांची डहाळी ओल्या कागदात गुंडाळून, उभं कापलेलं एक फळ, झाडाचे आणि खोडाचे फोटो, आणि काय-काय खत-पाणी घातलं त्याची यादी घ्या. कोणी घरी येऊन खोडाला भोक पाडून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतो म्हणाला तर नको म्हणा. सत्तरी तालुक्यातल्या एका घरात शेवटी झाड काढावं लागलं. त्यांनी निदान होईपर्यंत सहा महिने त्या झाडाचे डोळे कोणाला दिले नाहीत, त्यामुळे वाड्यावरची बाकीची झाडं वाचली.

तोपर्यंत सुक्या फळांचं काय करायचं

फेकू नका. जाड पांढरा कापूस तीन पाण्यांत उकळून, पिळून कडूपणा काढला की त्याचा मुरंबा उत्तम होतो. अर्धवट सुक्या फोडींचे दाणे मोकळे करून त्यात मीठ, गूळ, ओली मिरची आणि ओलं खोबरं घातलं की आमच्या घरी जेवणात लगेच संपतं. फोडीचा पापुद्रा आणि बी मात्र काढूनच टाका. कडवटपणा तिथे असतो, आणि 'आमचं तोरिंग कडू' म्हणणारे बरेच जण पापुद्र्यासकट खात असतात.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. तोरिंगात असे घटक असतात की कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरात नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात साठतात. अशा गोळ्या चालू असतील तर फळ कितीही रसाळ निघालं तरी आधी डॉक्टरांना विचारा, मग सोला.